परत करण्याचं कारण

फोन आला तेव्हा शिवानंद फुलाच्या नवऱ्याच्या मरणाची तारीख लिहीत होता. जोयड्याच्या तालुका कचेरीसमोर पत्र्याच्या शेडखाली त्याचं टेबल होतं आणि गेली बावीस वर्षं तिथं बसून तो लोकांचे अर्ज लिहीत होता. अर्ज कानडीतून द्यावे लागत, लोक मराठीतून नाहीतर कोंकणीतून सांगत, आणि मधल्या जागेत शिवानंद असे. फुला समोरच्या बाकावर मांडीवरची प्लास्टिकची पिशवी घट्ट धरून बसली होती. पिशवीत वासूच्या मरणाचा दाखला, आधारकार्ड, दोन फोटो. विधवा पेन्शनचा अर्ज करायचा होता. फुला काही परकी नव्हती. शिवानंदच्या आईला शेवटची दोन वर्षं दिवसभर तिनंच सांभाळलं होतं. म्हणून तिचा अर्ज तो नेहमीपेक्षा वळणदार अक्षरात लिहीत होता, आणि फोनवरचा नंबर अनोळखी होता तरी त्यानं तो सहज उचलला.

“शिवानंदकाका ना? मी रक्षिता. बेळगावच्या शेल्टरमधनं. ओळखलं का?”

ओळखलं. ओळखताच त्यानं हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवलं. रक्षिता म्हणजे तिथली कुत्र्यांचे स्वभाव बघणारी मुलगी. कुठलं कुत्रं कुठल्या घरात नांदेल, नव्या घरात बिचकलं तर काय करावं, रात्रंदिवस भुंकत राहिलं तर काय करावं, हे ती घरोघर जाऊन सांगायची. दोन वर्षांपूर्वी ती जोयड्यालाही येऊन गेली होती. “ज्युलीबद्दल विचारायचं होतं,” ती म्हणाली. “कॅसलरॉकचं एक कुटुंब तिला घ्यायला तयार आहे, काका. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यापाशी थांबलं. पण फॉर्मवर तुम्ही लिहिलंय, आईला चावली, उजव्या हाताला चार ठिकाणी. मला एवढंच सांगा, त्या वेळी नेमकं काय चाललेलं? झोपलेली का? कुणी दचकवलं का? खात होती का? कारण कळलं की काय जपायचं ते त्यांना सांगता येईल.”

“खात होती,” शिवानंद म्हणाला. तिनंच सुचवलेल्या तीन कारणांतलं हे शेवटचं, म्हणून तोंडाजवळचं. आणि एकदा ते तोंडातून गेल्यावर पुढचं आपोआप आलं, अर्जातल्या ठरलेल्या वाक्यांसारखं. “आईनं तिच्या ताटलीत हात घातला. काढून घ्यायला बघितलं असेल. तेवढ्यात धरलं तिनं.”

“नवल आहे,” रक्षिता म्हणाली. “मी रोज तिच्या भांड्यात हात घालते. पण असेल, म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो, तेवढ्यानंही बिचकतात.” मग कागदावर काहीतरी लिहिल्याचा आवाज, आणि मग ती म्हणाली, “थँक्यू काका. लोक लपवतात हो. तुम्ही तेव्हाही खरं लिहिलंत, आत्ताही सांगितलंत.”

फोन ठेवल्यावर त्यानं पेन उचललं, तारखेचा राहिलेला भाग लिहायला घेतला, आणि वासू कुठल्या महिन्यात गेला तेच त्याला आठवेना. दाखला समोरच होता. त्यावरचे आकडे त्याला दिसत होते, पण दिसलेलं हातापर्यंत पोचत नव्हतं. फुला त्याच्याकडं बघत होती. “तंगीचं इचारत व्हती काय ती?” तिनं विचारलं. ज्युलीला घरात तंगीच म्हणत. त्यानं मानेनंच हो म्हटलं. फुलाच्या आवाजात राग नव्हता, ती जणू भात कधी कापणार असं विचारावं तसं म्हणाली, “शिवण्णा, आनी किती दिस चावायचं तिनं?”

आजूबाजूला माणसं होती, चहाची गाडी होती, दांडेलीच्या बसची वाट बघणारे होते, आणि कुणीही हे ऐकलं नव्हतं. तरी त्यानं सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. फुलानं टेबलावरचे कागद गोळा केले, एकेक करून पिशवीत घातले. “अर्ज उद्या लिव,” ती म्हणाली. “आज तुजा हात बरा न्हाई.” आणि ती निघून गेली. म्हणजे फुलाला सगळं माहीत होतं. ते तिला माहीत आहे हे त्यालाही चौदा महिने माहीत होतं. दोघांनी मिळून ते झाकून ठेवलं होतं असं तो समजत होता. पण तिनं काही झाकलं नव्हतं, ती फक्त त्याच्या बोलण्याची वाट बघत होती, हे त्याला आज कळलं.

तंगी हे नाव आईनं ठेवलं होतं. मराठीत तंगी म्हणजे टंचाई, पण आईच्या बोलण्यात कानडी शब्द मिसळलेले असत आणि कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. शेल्टरनं ठेवलेलं ज्युली हे नाव आईला, रुक्मिणीबाईंना, दुसऱ्या दिवशीच आठवेनासं झालं. त्या दिवसांत त्यांना बरंच काही आठवेनासं झालं होतं: चूल पेटवली की नाही, जेवण झालं की नाही, शिवानंदचे वडील जाऊन किती वर्षं झाली. दुपारी त्या पदर खोचून माहेरी निघत. माहेर खानापूरकडं, आणि त्या निघत ते उलट्या दिशेला, घरामागच्या पायवाटेनं, जी सरळ रानात जाते. दोनदा फुलानं त्यांना परत आणलं, एकदा लाकडं आणायला गेलेल्या बायकांनी. शिवानंदनं लग्न केलं नव्हतं. घरात तो आणि आई, आणि तो दिवसभर टेबलावर. तेव्हा खानापूरहून बहीण सावित्रीअक्का म्हणाली, एखादं कुत्रं आण रे, सोबत होईल तिला. अक्का त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. ती म्हणेल ते करायची त्याला लहानपणापासून सवय. तो बेळगावला गेला, आणि तिथं भुंकणाऱ्या पन्नास कुत्र्यांत एक मातकट रंगाची, एक कान मोडलेली कुत्री भिंतीकडं तोंड करून बसली होती. हीच घ्या, असं रक्षितानं सांगितलं. हिला म्हातारी माणसं आवडतात.

रक्षिता घर बघायला आली तेव्हा तिनं सांगितलेलं त्याला अजून शब्दशः आठवतं, कारण त्यानं ते एका वहीत उतरवून घेतलं होतं. पहिले तीन दिवस तिच्याकडं टक लावून बघू नका. जवळ बोलावू नका. तिच्याकडं पाठ करून जमिनीवर बसा, ती येईल. खायला एकाच जागी, एकाच वेळी घाला. कोपऱ्यात दडली तर ओढून काढू नका, तो कोपरा तिचाच समजा. आणि कधीही, कितीही राग आला तरी, हात उचलू नका. एकदा उचललेला हात ती विसरते, पण तुम्ही विसरत नाही, आणि मग दुसऱ्यांदा तो सोपा जातो. हे शेवटचं ती हसत हसत बोलली होती. आईनं यातलं काहीच ऐकलं नव्हतं. ती तंगीकडं पाठ करून बसली ती सूचना म्हणून नव्हे, तिला तिथं कुत्रं आहे याचाच विसर पडला म्हणून. संध्याकाळी तंगीनं तिच्या पाठीला पाठ लावली होती. महिन्याभरात अशी पद्धत पडली की दुपारी आई पदर खोचून उठली की तंगी आधी जाऊन उंबऱ्यावर आडवी पडे. आई म्हणे, सरक गे, उशीर होतोय. तंगी सरकत नसे. तिला ओलांडायचं म्हणजे पाय उचलायचा, आणि तेवढ्यात आई कुठं निघाली होती तेच विसरून तिच्याशेजारी बसे. फुला म्हणायची, माजो पगार हिका दी.

त्या दुपारी शिवानंद घरी लवकर आला होता. अणशीकडच्या एका म्हाताऱ्याच्या जमिनीच्या दाव्यासाठी त्याच्या आजोबांच्या काळातली एक पावती लागत होती. म्हाताऱ्यानं ती बांबूच्या नळीत साठ वर्षं जपली होती आणि नक्कल काढायला म्हणून शिवानंदच्या हातात दिली होती. शिवानंदनं ती घरी आणून फळीवर ठेवली, विहिरीवर हातपाय धुवायला गेला, आणि परत आला तेव्हा आई अंघोळीच्या पाण्याची चूल पेटवत होती. कागद अर्धा जळला होता. पुढचं तो पुष्कळदा आठवून बघतो आणि प्रत्येक वेळी ते थोडं वेगळं आठवतं, थोडं त्याच्या बाजूचं. आठवणीत कधी आई त्याच्यावर ओरडलेली असते, कधी तिच्या हातात जळतं लाकूड असतं. खरं म्हणजे तिच्या हातात काही नव्हतं. ती त्याच्याकडं वळून म्हणाली, “पाणी तापलं बघ, अंघोळ कर,” आणि त्यानं तिचा उजवा हात दंडाखाली धरला आणि पिळला. कागदाची राख दाखवायला म्हणून त्यानं तिला चुलीकडं ओढलं. काहीतरी ओरडला, काय ते त्याला आठवत नाही, पण आवाज वडिलांचा होता हे आठवतं. आईची कातडी ओल्या वर्तमानपत्रासारखी झाली होती. त्याची नखं तिच्यात सहज गेली. तिनं आरडाओरडा केला नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली, हा कोण माणूस आहे हे आठवायचा प्रयत्न करत. आणि तेव्हा तंगी आली. ती भुंकली नाही. तिनं त्याचं मनगट तोंडात धरलं, नुसतं धरलं. दातांचा स्पर्श त्याला होत होता, ओली जीभ लागत होती, पण दाब नव्हता. तिनं ते तसंच धरून ठेवलं, त्यानं आईचा हात सोडेपर्यंत. सोडल्यावर तिनंही सोडलं. त्याच्या मनगटावर एक ओरखडाही नव्हता. आईच्या हातावर चार खुणा होत्या, आणि मागच्या बाजूला पाचवी, अंगठ्याची.

फुला आली तेव्हा तो हळद लावत होता. फुलानं हात हातात घेतला, वळवला, मागची खूण बघितली, आणि परत वळवून त्याच्या हातात दिला. ती काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं असं तो नंतर पुष्कळदा म्हणाला, स्वतःशी, आणि प्रत्येक वेळी त्याला याचीही लाज वाटली, की या कामातही त्याला दुसरं कुणीतरी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी अक्का अचानक आली. आईचा बांधलेला हात बघून तिनं दारातूनच विचारलं, “काय झालं रे हे?”

आणि तो म्हणाला, “कुत्री.”

एवढंच. चावली असंही तो म्हणाला नव्हता. एक शब्द, आणि बाकीचं अक्कानं पूर्ण केलं. असं होणारच व्हतं, रस्त्यावरची जात, मीच सांगितलं आणायला, माझंच चुकलं. तिनं स्वतःला दोष दिला तेव्हाही तो गप्प राहिला. तिनं जीप बोलावली, तिघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी विचारलं, रक्त आलं होतं का? तो हो म्हणाला. ते खरं होतं. कुत्री घरचीच का, लस दिलेली का? तेही खरं सांगितलं. धोका नको, रक्त आलंय तर सगळं द्यावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. पहिल्या दिवशी औषध जखमांच्या आत, कडेकडेनं टोचतात हे त्याला माहीत नव्हतं. चार खुणांत चारदा सुई गेली, आणि पाचवी अंगठ्याची खूण त्यानं स्वतः दाखवली, कारण अर्धवट उपचार नको असं त्याला खरोखर वाटलं. अक्का बाहेर बसली होती. तिला सुई बघवत नसे. आईचा हात हलू नये म्हणून तो शिवानंदनं धरला होता. त्याच जागी, त्याच हातानं, या वेळी हळुवार. “का रे बाबा टोचतोस?” आई डॉक्टरांना विचारत होती. “मी काय केलं?” त्यानंतर आणखी चारदा तिला न्यावं लागलं. प्रत्येक वेळी तिला ते नवंच असे. प्रत्येक वेळी ती तेच विचारी.

तिसऱ्या दिवशी तो तंगीला घेऊन बेळगावला गेला. अक्कानं सांगितलं होतं, ती घरात असेपर्यंत मी परत जाणार नाही. शेल्टरच्या फॉर्मवर एक रकाना होता, परत करण्याचं कारण. इतकी वर्षं त्यानं असल्या रकान्यांत लोकांची आयुष्यं बसवली होती. कागदावर गेलेला शब्द पुसायला किती खेटे घालावे लागतात हे त्याच्याइतकं तालुक्यात कुणाला ठाऊक नव्हतं. चुकीच्या वयामुळं, चुकीच्या आडनावामुळं अडलेली माणसं त्याच्यासमोर येऊन रडत. त्यानं रकाना भरला. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं. रक्षितानं तो वाचला आणि विचारलं, “तुम्ही समोर होता का काका?” तो म्हणाला, “समोर होतो.” तिनं तंगीच्या गळ्यात लाल पट्टा घातला, चावऱ्या कुत्र्यांचा. तंगीनं मान पुढं करून तो घालू दिला. बसमध्ये त्याला हलकं वाटलं होतं. ते हलकेपण त्याला नीट आठवतं, आणि सगळ्यांत जास्त लाज त्याचीच वाटते.

आई पुढं सहा महिने जगली. दोन महिने ती दुपारी उंबऱ्यापाशी थांबून पाय उचलायची, तिथं काही नसताना. मग ती पद्धतही विसरली. शिवानंदनं दाराला बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. श्रावणात ती गेली, आणि बाराव्याला आलेल्या माणसांत अक्का सगळ्यांना सांगत होती, माझ्या भावानं जे केलं ते लेकीनं केलं नसतं, त्या कुत्रीनं चावल्यावर तर हाताला धरून नेलं ती म्हणेल तिथं. लोक त्याच्याकडं आदरानं बघत. तो ताटं वाढत राहिला.

फुला अर्ज तसाच सोडून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं रक्षिताला फोन केला. वाटेत, टेबलावर जायच्या आधी, दुकानांच्या मागं उभा राहून. “काका, ते नको म्हणाले,” तिनंच आधी सांगितलं. “त्यांची दोन वर्षांची मुलगी आहे. खाताना चावते म्हटल्यावर मुलीची आई घाबरली. बरोबरच आहे तिचं. तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, नाहीतर उद्या काही झालं असतं.”

“मॅडम,” तो म्हणाला, “त्या दिवशी आईच्या हाताला इजा झाली ती कुत्रीमुळं झाली नव्हती. रागाच्या भरात हात धरला गेला.”

अर्जाची भाषा होती ती. त्याला स्वतःलाच ऐकू आली. तिकडं कुत्र्यांचा आवाज चालला होता, मग एक दार लावल्याचा आवाज आला आणि शांत झालं. “कुणी धरला?” रक्षितानं विचारलं.

“मी.”

“आणि दातांच्या खुणा?”

“नखांच्या. माझ्या.”

“चौदा महिने,” ती म्हणाली. “मोकळं सोडायचं नाही, दुसऱ्या कुत्र्यांत नाही, बाहेर काढताना तोंडाला मुसकी. नियम आहे आमचा, काका. मी तिला तपासत होते. रोज. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, हिच्यात ते दडलंय आणि मला दिसत नाही.” तिचा आवाज चढला नव्हता. मग ती कामाचं बोलली: तुम्हाला हे लिहून द्यावं लागेल. आणि त्या कुटुंबाला तिनं सांगून पटणार नाही, कुत्रं खपवायला खोटं बोलतात असं वाटेल. शुक्रवारी ती तिकडच्या बाजूला येणारच होती, तंगीलाही आणील. तुम्ही येऊन समोर सांगाल का?

शुक्रवारी तो रामनगरपर्यंत बसनं आणि तिथून जीपनं कॅसलरॉकला गेला. तंगीला घेऊ पाहणारा नागेश रेल्वेत गँगमन होता, रुळांची देखभाल करणारा. स्टेशनच्या वरच्या अंगाला त्यांचं घर, अंगणात दोरीवर मुलीचे कपडे. शेल्टरची गाडी आधीच उभी होती. मागच्या काचेतून त्याला तंगी दिसली. तोंडाला मुसकी होती. जाळीतून तिचं नाक आणि वरचा ओठ तेवढा दिसत होता, आणि लाल पट्टा उन्हानं विटून गुलाबी झाला होता. तो थांबला नाही. थांबला असता तर परत फिरला असता.

नागेशनं खुर्ची दिली. तो बसला नाही. रक्षिता भिंतीला टेकून उभी होती, ती मदत करणार नव्हती. “त्या कुत्रीनं माझ्या आईला चावलं असं मी लिहून दिलं होतं,” शिवानंद म्हणाला. “ते खोटं हाय. आईचा हात मी पिळला होता. जखम माझ्या नखांची. बहिणीनं विचारलं तेव्हा मी कुत्र्याचं नाव सांगितलं. ती खाताना चावते हे परवा सांगितलं, तेपण खोटं. तिनं त्या दिवशी माझं मनगट तोंडात धरून आईला सोडवलं, आणि मला खरचटलंदेखील न्हाई.”

तो आला तेव्हा रांगोळीच्या कडेला खेळणारी छोटी मुलगी बोलणं चाललं असताना त्याच्याजवळ आली होती आणि त्याच्या पिशवीचा बंद ओढत होती. नागेशची बायको स्नेहा दारात होती. ती पुढं आली, तिनं मुलीला उचललं आणि चार पावलं मागं जाऊन उभी राहिली. मुद्दाम केलं असंही नाही; हात आपोआप गेले असतील. नागेशच्याही ते लक्षात आलं, त्यानं मान खाली घातली आणि विचारलं, “म्हातारी हाय काय आता?”

“न्हाई. गेली.”

“तिला कळलं व्हतं काय? कोण केलं ते?”

“तिच्या ध्यानात काही ऱ्हात नव्हतं,” शिवानंद म्हणाला. हे तो चौदा महिने स्वतःला सांगत आला होता, आणि आज पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाला.

रक्षितानं गाडीचं दार उघडलं. तंगी उतरली. रक्षितानं गुडघ्यावर बसून मुसकीचा बंद सोडला, मग लाल पट्टा काढला, आणि स्वतःचा हात तिच्या तोंडात मनगटापर्यंत घातला. तंगीनं कंटाळल्यासारखं तोंड बाजूला घेतलं. स्नेहा बघत होती. तंगी अंगणात फिरली, तुळशीपाशी गेली, कपड्यांचा वास घेतला, आणि मग शिवानंदजवळ आली. त्यानं हात पुढं केला नाही. तिनं त्याचे पाय हुंगले, पिशवी हुंगली, शेपूट दोनदा हलली, आणि ती त्याला ओलांडून फाटकापर्यंत गेली. तिथं उभी राहून तिनं खाली रस्त्याकडं बघितलं. जीप उतरते त्या वळणाकडं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. त्याच्याबरोबर आणखी एक माणूस यायला हवं होतं, मागं राहिलं असेल, हळू चालतं. रक्षिता सगळं समजून नजर दुसरीकडं करून उभी होती, आणि शिवानंदला वाटलं की आता इथून जिवंतपणी कसं निघायचं. शेवटी नागेशच तंगीजवळ गेला आणि तिच्याकडं पाठ करून पायरीवर बसला. कुणी शिकवलं होतं की सहजच, कोण जाणे.

दोन आठवडे ठेवून बघतो, असं ते म्हणाले. शिवानंदनं तिथंच ओट्यावर बसून रक्षिताला लिहून दिलं. फुलाचा अर्ज त्यानं सोमवारी पुरा केला. फुलानं विचारलं नाही, त्यानं आपण होऊन सांगितलं, तेव्हा ती फक्त म्हणाली, “बरें जालें. आता अक्काक सांग.” पंधरा दिवसांनी रक्षिताचा फोन आला: राहिली ती तिथंच. कायमची. तुम्ही मात्र भेटायला जाऊ नका काका, निदान वर्षभर. तिला मागचं धरून ठेवायला लावू नये. तो म्हणाला, नाही जाणार. मागण्यासारखं त्याच्याकडं काही नव्हतंच.

खानापूरला तो रविवारी दुपारी पोचला. अक्का परड्यात बसून शेंगा फोडत होती. तिनं सुपातल्या शेंगा त्याच्याकडं सरकवल्या आणि तोही फोडायला लागला. लहानपणापासून ते असंच बोलत. त्यानं सगळं सांगितलं, न थांबता, हाताकडं बघत. या वेळी त्यानं एकाही वाक्यात स्वतःला सोडलं नाही. तो वाट बघत होता. ती ओरडेल, सूप फेकेल, चालता हो म्हणेल. बसमध्ये त्यानं प्रत्येकाची तयारी केली होती, आणि खरं सांगायचं तर त्याला ते हवं होतं. अक्काच्या हातातली शेंग फुटून दाणे खाली पडले. तिनं ते उचलले नाहीत.

“मला म्हाईत व्हतं,” ती म्हणाली.

त्याला कळलं नाही.

“म्हणजे, मला सांगितलेलं तिनं. तिसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी. तू चिठ्ठी आणायला आत गेलेलास. माझा हात धरून म्हणाली, शिवानं धरलं गे मला, तंगीनं सोडवलं. अगदी नीट बोलली. डोळे स्वच्छ व्हते तिचे, शिवा. पहिल्यासारखे.” अक्कानं पदर हातावर गुंडाळून घेतला, परत सोडला. “मी रागावले तिला. म्हटलं, असं बोलू नगंस, आये. पोरगा एवढं करालाय तुझं, आणि त्याच्यावर आळ घेतेस? लाज न्हाई वाटत? असं म्हटलं मी. आईला.”

शेंगांच्या फोलपटांचा ढीग वाऱ्यानं थोडा सरकला. शिवानंद काही बोलायला गेला.

“गप बस,” अक्का म्हणाली. “मग ती म्हणाली, चुकलं माझं. मला काय आठवत न्हाई हल्ली. आणि परत कधी बोलली न्हाई.”

तिनं तोंड भिंतीकडं केलं. तिचा खांदा हलत होता. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, तो हात त्यानं उचललाही, आणि अर्ध्यावर आणून परत आपल्या गुडघ्यावर ठेवला. आपल्या वाट्याचं घेऊन तो इथं आला होता, उतरवून ठेवायला. आता ते दोघांचं झालं होतं, आणि अक्काचं तिच्याकडून परत घ्यायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं. साडेचारची बस रस्त्यावरून गेली. अक्का त्याला ऊठ म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. तो बसून राहिला.